पाटीवरचे नाव

माझा एक भाचा अमेरिकेत, इलिनॉय राज्यात असतो. थोरल्या आक्काचा मुलगा. गेल्या आषाढात एका रात्री त्याचा फोन आला. पाऊस पडला का, सोयाबीन उगवले का, मांजरेला पाणी आहे का, ही सगळी विचारपूस झाल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही मास्तर आहात म्हणून विचारतो. एखाद्या वस्तूवर ज्याचं नाव आहे त्यानं ती केलेलीच नसली, तर त्याला खोटं म्हणायचं का?"

पोरगा कुठल्या कोर्टकचेरीत सापडला की काय, अशी मला भीती वाटली. पण प्रकरण गवत कापायच्या यंत्राचे निघाले.

तिकडे म्हणे घराघरापुढे हिरवळीचा एक तुकडा असतो आणि उन्हाळाभर तो दर आठवड्याला कापावा लागतो. वाढू दिला तर शेजारी नाराज होतात. काही गावांत तर नगरपालिकेची नोटीससुद्धा येते. कापलेले गवत कुणाच्या गाईम्हशीला जात नाही. ते तिथेच कुजते, नाही तर पोत्यात भरून फेकले जाते. ही हकीकत मी दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या शिपायाला सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, मग ते पेरतेत कशाला?" त्याच्या घरी दोन म्हशी आहेत. बिलोलीत गवताच्या पेंढीला दर आहे आणि बांधावरच्या गवतावरून भावाभावांत बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. तेव्हा त्याच्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

तर झाले असे, की भाच्याच्या शेजारचा एक म्हातारा घर विकून मुलाकडे राहायला निघाला. तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्याने घरातले जुने सामान अंगणात मांडले. त्यात हे यंत्र होते; लहानशा ट्रॅक्टरासारखे, वर बसून चालवायचे. भाच्याने ते चाळीस डॉलरांना घेतले. चार दिवस चालले आणि पाचव्या दिवशी पात्याच्या आसाचे बेअरिंग गेले. यंत्राच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत नाव होते ‘क्राफ्ट्समन’ आणि खाली ‘सीअर्स’. सीअर्स ही शिकागोची जुनी पेढी. एके काळी टपालाने अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत सुईपासून घरापर्यंत सगळे पुरवीत असे. भाच्याला वाटले, नाव इतके मोठे आहे तर सुटा भाग मिळायला काय अडचण? परंतु त्या पेढीने २०१८ सालच्या ऑक्टोबरात दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची बहुतेक दुकाने बंद झाली. ‘क्राफ्ट्समन’ हे नाव तर तिने त्याआधीच, २०१७ साली, स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर नावाच्या हत्यारे करणाऱ्या कंपनीला विकले होते. आणि मुळात सीअर्सने हे यंत्र केलेलेच नव्हते. तिने ते फक्त विकले होते.

क्राफ्ट्समन या शब्दाचा अर्थ कारागीर. मला या गोष्टीची मोठी गंमत वाटली. वस्तूवर ‘कारागीर’ असे ठळक लिहिलेले आहे आणि कारागीर कोण, एवढेच तेवढे लिहिलेले नाही! हे नावसुद्धा सीअर्सचे स्वतःचे नव्हे. १९२७ साली मॅरियन-क्राफ्ट्समन नावाच्या एका कंपनीकडून तिने ते पाचशे डॉलरांना विकत घेतले होते. पेढीचे पूर्वीचे पूर्ण नाव ‘सीअर्स, रोबक आणि कंपनी’ असे होते. त्यांतल्या रोबकसाहेबाने १८९५ सालीच आपला हिस्सा विकून टाकला होता. पाटीवर मात्र तो पुढे शंभर वर्षे होता. नावे अशी माणसांना सोडून हिंडत असतात.

मग खरा कर्ता शोधायचा कसा? भाच्याने सीटखालचा चिखल खरवडला तेव्हा पत्र्याची एक पट्टी निघाली. तिच्यावर नाव नव्हते, आकडा होता. आधी ९१७, मग एक टिंब, मग पुढचे आकडे. त्या टिंबाआधीच्या तीन आकड्यांत सगळे मर्म. सीअर्सला माल करून देणारे कारखाने पुष्कळ होते आणि पेढीने आपल्या सोयीसाठी प्रत्येकाला तीन आकड्यांची एक खूण दिली होती. गिऱ्हाइकाला तिचा अर्थ सांगायचे पेढीला कारण नव्हते. पण जुनी यंत्रे जपणाऱ्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षे पट्ट्या ताडून पाहून अर्थ लावला आहे. ९१७ म्हणजे रोपर कॉर्पोरेशन. हिची मुख्य कचेरी कँककी नावाच्या गावी, म्हणजे भाचा राहतो त्याच राज्यात. इंजिन आणखी तिसऱ्याचेच, मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे. त्याच्या पत्र्यावर ठोकलेल्या आकड्यांत पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे आणि त्यापुढचे दोन दिवसाचे असतात. भाच्याने वाचून दाखवले: १९७८, जून. म्हणजे ते इंजिन माझ्याहून वडील निघाले.

रोपरची पुढची गोष्ट तर आणखी विलक्षण. १९८८ साली ती कंपनी जनरल इलेक्ट्रिकने घेतली, ‘रोपर’ हे नाव गेले व्हर्लपूलकडे आणि गवत कापायच्या यंत्रांचा धंदा गेला स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सकडे. तिथून तो पुढे हुस्कवार्नाकडे आला. एका घराची वाटणी व्हावी आणि आडनाव एकाने, घर दुसऱ्याने, विहीर तिसऱ्याने न्यावी, तसे झाले. पण आकडा हाती लागल्यावर बेअरिंगचा पत्ता लागला. ते आले, बसले, आणि यंत्र फिरू लागले. नावाने जे काम झाले नाही ते आकड्याने झाले.

"आता सांगा मामा," भाचा म्हणाला, "ही लबाडी की नाही?"

मी त्याला लगेच ‘हो’ म्हणून टाकले. मास्तरांना पोरांच्या प्रश्नांची उत्तरे झटकन देण्याची खोड असते. फोन ठेवल्यावर मात्र झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी घरातला विळा काढून पाहिला. पंधरा वर्षांचा असेल. त्याच्यावर नाव नाही, आकडा नाही, खूण नाही. तरी तो कुणी केला हे मला ठाऊक आहे, बायकोला ठाऊक आहे, गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी मी त्याच लोहाराकडे गेलो. भाता आता हाताचा राहिलेला नाही, विजेचा पंखा आला आहे, ऐरण तीच. मी विचारले, "का हो, तुम्ही विळ्यावर नाव का घालत नाही?" त्याला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा सांगितले तेव्हा तो हसला. "मास्तर, इळा पाजवायला माझ्याकडंच येतेय की. नाव टाकून काय करूलालाव?"

त्याच्या या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ज्याची वस्तू त्याच्याकडे परत येते त्याला नावाची गरज नाही. विळ्याला पाणी नीट दिले नाही, धार आठ दिवसांत गेली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या बाजारी त्याच्या पालापुढे उभे राहून चारचौघांत बोलणार. त्याचे नाव लोखंडावर नाही, पण त्याची अब्रू त्या लोखंडात आहे. नाव लागते ते वस्तू दूर जायला लागली म्हणजे. कँककीतला मजूर आणि हजार मैलांवरचा शेतकरी यांची गाठ पडणे शक्य नाही. मग मध्ये एक कुणीतरी उभा राहतो आणि म्हणतो, मला ओळखा, मी सांगतो माल चांगला आहे. त्याचे नाव म्हणजे ओळखीच्या जागी ठेवलेली वस्तू. खोटे तर खोटे. पण हे खोटे नसते तर शेतकऱ्याला यंत्र मिळालेच नसते.

आणि सीअर्सच्या बाजूने आणखी एक सांगितले पाहिजे. ‘क्राफ्ट्समन’ नावाचा पाना किंवा हातोडी कधीही मोडली तर दुकानात न्यावी आणि बदलून आणावी, असा त्या पेढीचा जन्मभराचा शब्द होता. तो तिने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. हत्यार केले दुसऱ्याने, मोडल्यावर समोर उभी राहिली ती ही. मग तिने आपले नाव घातले ते काय वाईट केले?

आमचा वकील मित्र म्हणतो, कायद्याने या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावला आहे. आपल्याकडचा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पाहा. दुसऱ्याने केलेल्या मालावर जो आपली खूण घालतो किंवा घालवून घेतो, त्यालाही तो कायदा निर्माताच समजतो. नुकसान झाले तर "मी नुसता पाटीचा धनी" असे म्हणायची सोय त्याला ठेवलेली नाही. औषधांचेही तसेच. गोळ्यांच्या पाकिटावर करणाऱ्याचे नाव आणि पत्ता बारीक अक्षरांत असतो, आणि पुष्कळदा त्याहून ठळक विकणाऱ्याचे. मार्च २०२१ पासून आपल्या नावाने औषध विकणारालाही त्याच्या गुणदोषांसाठी जबाबदार धरले जाते. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटला. नाव घालायचे असेल तर घाल बाबा. पण मग शिव्याही तूच खायच्या.

कायद्याचे समाधान झाले तरी माझे झाले नाही. कारण कायदा नुकसान कुणी भरायचे तेवढेच विचारतो. श्रेय कुणाला द्यायचे हे विचारायला कुणी कोर्टात जात नाही.

आमच्या गावात नवाब सर्फराजखानाच्या नावाची दगडी मशीद आहे, तीनशे वर्षांहून जुनी. तिच्या सावलीतून मी रोज शाळेला जातो. खानाने दगड घडवला नाही हे पोरांनाही कळते. ज्यांनी घडवला त्यांचे एकही नाव आमच्या गावाला सांगता येत नाही. शेजारच्या देगलूर तालुक्यात होट्टलला कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली देवळे आहेत, अकराव्या-बाराव्या शतकांतली. सहलीला मुले नेली की कुणी ना कुणी सांगतोच, हे हेमाडपंती देऊळ. हेमाद्रीपंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा प्रधान, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. होट्टलचा शेवटचा दगड बसला तेव्हा या गृहस्थाचा जन्मही झालेला नव्हता! पण चुन्याशिवाय रचलेले जुने दगडी देऊळ दिसले की महाराष्ट्र त्याच्यावर हेमाडपंतांचा शिक्का मारून मोकळा होतो. सीअर्सने निदान पट्टीवर तीन आकडे तरी ठेवले. मी स्वतः वर्गात कित्येक वर्षे ‘हेमाडपंती’ असेच शिकवत आलो आहे, सोपे पडते.

उलटाही व्यवहार आहे. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. गंगाखेडची जनाबाई स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते, परंतु सही स्वतःची करते. आणि तुकोबांच्या गाथेच्या जुन्या प्रती ताडून पाहणारे अभ्यासक सांगतात, की तुकोबांच्या नावावरचे सगळेच अभंग तुकोबांचे नाहीत. कुणी अज्ञात भाविकाने अभंग रचला आणि शेवटी नाव घातले तुकोबांचे. करणाऱ्याने आपण होऊन दुसऱ्याची पाटी लावली! त्याला काय म्हणावे? कदाचित त्याला वाटले असेल, हे मला सुचलेच मुळी तुकोबांमुळे.

आता मी ज्या गोष्टीमुळे रात्रभर जागा राहिलो ती सांगतो.

मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. शाळेत मराठी शिकवतो, आणि माझ्या नावावर तीन कादंबऱ्या आहेत. पहिली कादंबरी निघायच्या आधीची गोष्ट. पगार वेळेवर होत नव्हता. तेव्हा एका प्रकाशकाने मला दहावीच्या मराठीचे मार्गदर्शक लिहायला सांगितले. निबंध, पत्रे, व्याकरण, सगळे. चार हजार रुपये रोख. पुस्तकावर नाव मात्र एका निवृत्त प्राचार्यांचे पडणार होते. "तुमचे नाव घातले तर कोण घेईल?" असे प्रकाशक मला अगदी मायेने म्हणाला, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. मी तीन महिने रात्री जागून ते लिहिले. पुस्तक खपले. त्यातला ‘माझे गाव’ हा निबंध परीक्षेत पोरे पाठ करून लिहीत. एकदा उत्तरपत्रिका तपासताना माझेच वाक्य माझ्यापुढे चौदा वेळा आले, आणि तेरा जणांना मी चांगले गुण दिले.

पुढे त्या पुस्तकात एका समासाचा विग्रह चुकल्याचे कुणा शिक्षकाने वर्तमानपत्रात पत्र लिहून दाखवले. चूक माझीच होती, यात शंका नाही. प्राचार्यांनी उत्तर छापले: प्रस्तुत पुस्तकाचे लेखन खेड्यातल्या एका शिक्षकाकडून करवून घेतले होते, प्रकृतीच्या कारणाने आपणास ते तपासता आले नाही. पाच आवृत्त्यांच्या शाबासकीला त्यांचे नाव आणि एका चुकीला मी! मला अतोनात राग आला. पण खरे सांगू? त्या रागाच्या तळाशी कुठेतरी आनंदही होता. ‘खेड्यातला एक शिक्षक’ एवढ्या तीन शब्दांत का होईना, पण मी पहिल्यांदा छापला गेलो होतो. ते कात्रण अजून माझ्याजवळ आहे.

लबाडी कुठे असते हे मला त्या दिवशी कळले असे मी समजत होतो. नाव घालणे ही लबाडी नव्हे. नाव घालून वेळेला अंग काढून घेणे ही लबाडी. भाच्याला हेच सांगावे असे ठरवून मी दिवा मालवला. आणि अंधारात मला माझी दुसरी कादंबरी आठवली.

त्या कादंबरीत सतरा ओव्या आहेत. समीक्षकांनी तिचे जे थोडेफार कौतुक केले ते मुख्यतः त्या ओव्यांचे. एकाने लिहिले की लेखकाला बाईच्या मनाचा तळ सापडला आहे. तो तळ मला सापडलेला नव्हता. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहत असे. दिवसा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाई आणि रात्री दारात बसून गुणगुणे. घरातले जाते केव्हाच परड्यात पडले होते, पण तिचा हात गाताना अजून गोल फिरायचा. मी तिच्याजवळ वही घेऊन बसलो होतो, दोन उन्हाळे. तिच्या बोलण्यात अर्धी तेलुगू मिसळलेली असे. माहेर मांजरेच्या पलीकडचे, आताच्या तेलंगणातले. मी तिच्या ओव्या घेतल्या, दोन-चार शब्द इकडचे तिकडे केले आणि नायिकेच्या तोंडी घातल्या. पुस्तक छापून आले तेव्हा तिला लुगडे नेऊन दिले. तिने पुस्तक उलटे धरून पाहिले आणि म्हणाली, "बक्कळ कागद लागलाय." पुस्तकात तिचे नाव कुठेच नव्हते. अर्पणपत्रिका मी एका मोठ्या लेखकाला वाहिली होती. ते तीही वाचणार नाहीत हे मला ठाऊक होते.

म्हणजे मी मुखपृष्ठावर सीअर्स झालो होतो. आणि सीटखालच्या पट्टीवर तीन आकडे ठेवण्याइतकी सचोटीसुद्धा मला सुचली नव्हती.

कुणी म्हणेल, ओवी ही कुणा एकीची नसतेच, ती लोकांची. मीही स्वतःला तेव्हा हेच सांगितले होते. सगळ्यांची वस्तू असली की ती उचलायला बरी असते. पण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या, आणि त्यांनी ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहून ठेवले. ओवी लोकांची असेल. गळा एकीचा होता, हे त्यांना समजले. मला दोन उन्हाळे समोर बसून समजले नाही.

कादंबरीची दुसरी आवृत्ती या वर्षी निघायची आहे. मी ठरवले, आता तरी नाव घालायचे. म्हातारी जाऊन सहा वर्षे झाली होती. तिच्या मुलाकडे गेलो. तो वाळूच्या ट्रॅक्टरवर असतो. मी म्हटले, "तुमच्या आईचे नाव पुस्तकात छापायचे आहे, नीट सांगा." त्याने मान खाजवली. "कोणचं सांगू सर? रेशन कार्डावर एक हाय. ते लग्नात ठिवलेलं. त्या नावानं तिला कुणी हाक मारली नाई. आमी माय म्हणायचो, बा ‘अगं’ म्हणायचा, गल्लीत माझ्या नावानं ‘अमक्याची माय’ म्हणायचे. माहेरचं नाव येगळं व्हतं म्हणे. आमाला ठावं नाई."

साठ-पासष्ट वर्षे ती बाई या गावात राहिली. सरकारी कागदावरचे नाव तिला चिकटवलेले, हाकेचे नाव मुलाचे, आणि स्वतःचे नाव नदीपलीकडे राहिलेले. मला भाच्याची आठवण झाली. मीही चिखल खरवडायला निघालो.

एका रविवारी मोटारसायकलने पलीकडे गेलो. तिचा भाऊ कधीच गेलेला. भावजय होती, नव्वदीच्या आसपासची, डोळ्यांनी अधू. तिचा नातू मध्ये बसून माझी मराठी तिला तेलुगूत सांगत होता. नणंदेचे माहेरचे नाव तिने चटकन सांगितले, जणू काल सकाळी हाक मारली होती. मी लिहून घेतले. मग मला काय वाटले कोण जाणे, मी माझ्या पुस्तकातली एक ओवी तिला म्हणून दाखवली. मला चाल येत नाही, नुसतीच वाचली. म्हातारी ऐकत होती. ओवी संपल्यावर तिने नातवाला काही सांगितले आणि तो मला म्हणाला, "ती म्हणते, हे आत्याचं नाही. हे आमच्या आजेसासूचं. आत्यानं हिच्याकडून उचललं."

म्हणजे रोपरच्या मागे इंजिन करणारा निराळाच होता.

"आणि आजेसासूने कुठून आणली?" मी विचारले. नातवाने विचारले. म्हातारीने हात हवेत गोल फिरवला, जात्यासारखा, आणि काहीच बोलली नाही. आजेसासूचे नाव तिला आठवत नव्हते. थोरली म्हणत, एवढेच.

परत येताना पुलावर गाडी थांबवून बराच वेळ उभा राहिलो. मूळ कर्ता सापडायचा नाही हे आता उघड होते. तेव्हा नाव घालण्यात अर्थ नाही, ओवी शेवटी लोकांचीच, असे म्हणायला मला पुन्हा चांगली सबब मिळाली होती. आणि ती खोटीही नव्हती. गवत कापायच्या यंत्राचेही तसेच आहे म्हणा. इंग्लंडात स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगने १८३० साली पहिले यंत्र केले, ते लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्राकडे पाहून. पैसा घातला जॉन फेराबीने. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीनेही ते परवान्याने केले. आणि ती कातरण्याची युक्ती तरी बडिंगची कुठे होती? मागे मागे जावे तितका माणूस दिसतच राहतो. पण भाच्याला बेअरिंग हवे होते तेव्हा त्याला बडिंग नको होता. त्याच्या हातातले यंत्र ज्या हातांनी जोडले, ते हात हवे होते. माझ्याही वहीत ओव्या आल्या त्या एका तोंडातून आल्या.

गेल्या आठवड्यात मुद्रिते आली. कादंबरीच्या पहिल्या पानामागे मी तिचे माहेरचे नाव लिहिले, पुढे सासरचे, पुढे दोन्ही गावे, आणि खाली एक ओळ: या पुस्तकातल्या सतरा ओव्या हिच्याकडून ऐकल्या, शब्दांत फेरफार केले ते माझे, चुकले असेल ते माझे. प्रकाशकाचा फोन आला की पान वाढते आहे, ही ओळ ऋणनिर्देशात शेवटी बारीक टायपात घातली तर चालेल का. मी नको म्हटले. त्याने अजून होकार कळवलेला नाही.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "मामा, मी यंत्राला नवा रंग देणार होतो. पण मग ‘क्राफ्ट्समन’ हे नाव झाकलं जाईल, आणि ते राहू द्यावं की नाही ते मला कळेना." मी विचारले, मग काय केलेस? म्हणाला, रंग तसाच ठेवला; सीटखालची पट्टी तेवढी तेलाने पुसून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात आक्का तिकडे जाणार आहे. तिने आतापासूनच मला बजावून ठेवले आहे, जाताना एक विळा बांधून दे. यंत्राने कोपऱ्यातले गवत निघत नाही म्हणे. विमानात हातातल्या सामानात विळा नेऊ देत नाहीत, हे तिला कुणी सांगायचे, हा प्रश्न सध्या आमच्या घरात आहे.